नसलेल्या प्रांताची लीग

एखादा काल्पनिक देश रचण्यास बसलेला मनुष्य प्रथम नकाशा काढतो. त्यात नद्या वाहवितो, पर्वतांच्या रांगा बसवितो, सरहद्दी आखतो, राजधानीस नाव देतो, टांकसाळ उघडून नाण्यावर राजमुद्रा उमटवितो. आणि एवढी सिद्धता झाल्यावर, त्याचे मन जर विसाव्या शतकात घडलेले असेल, तर तो त्या देशाच्या सर्वश्रेष्ठ फुटबॉल लीगचा तक्ता मांडावयास घेतो. बंदराच्या शहराचा संघ कोणता, खाणकामगारांचा कोणता, फौजेचा कोणता, गेल्या हंगामात कोण अग्रस्थानी होता आणि कोण खालच्या श्रेणीत उतरला, हे तो अशा निष्ठेने लिहून काढतो, की जणू त्यावाचून त्या भूमीस अस्तित्वच नाही. या छंदास मी बालिश म्हणणार नाही. नकाशा देशाची हद्द सांगतो. पण त्या हद्दीच्या आतली गावे एकमेकांस कशी ओळखतात, कोणास कोणाची धास्ती आहे आणि कोणाचा कोणावर जुना राग आहे, हे लीगच्या तक्त्यावाचून कळत नाही, आणि कल्पक मनुष्यास ते उपजतच समजलेले असते.

विदर्भातल्या मनुष्यास हा विचार परका वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचा प्रांतही असाच दीर्घकाळ कागदावर राहिलेला आहे. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी ठरली, १९०३ साली निजामाकडून भाडेपट्ट्याने घेतलेला वऱ्हाडचा मुलूख त्याच कारभारास जोडण्यात आला, आणि स्वातंत्र्यानंतर १९५० पासून जे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले त्याचीही राजधानी नागपूरच राहिली. १९५५ साली फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे स्वतंत्र राज्य करावे अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले, आणि १९५३ च्या नागपूर कराराच्या आधारे विधिमंडळाचे एक अधिवेशन तेवढे दरवर्षी या शहराच्या वाट्यास राहिले. या निर्णयाचा राजकीय निवाडा करणे हा माझा हेतू नव्हे. मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की सरकारी दप्तरातून पुसला गेलेला प्रांत एका खेळाच्या नकाशावर कायम राहिला आणि दुसऱ्या खेळाच्या नकाशावर कधी उमटलाच नाही. आणि जेथे तो उमटला नाही त्या खेळात एका जिल्ह्याच्या लीगला संपूर्ण प्रांताच्या आकांक्षेचा भार आजवर वाहावा लागला आहे.

लीग ही कल्पना आपल्याकडच्या स्पर्धेच्या परंपरेहून मूलतः भिन्न आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. कुस्तीची दंगल एका दिवसाची. त्यात पडला तो पडला, आणि पुन्हा फड लागेपर्यंत त्याला तोंड दाखविण्यास जागा नाही. बाद पद्धतीच्या करंडकाचेही तेच. उलट लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येक संघाशी खेळतो, हरलेला संघ पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात रुजू होतो, आणि हंगामाच्या अखेरीस जी बाकी निघते तीवरून श्रेष्ठत्व ठरते. १८८८ साली इंग्लंडात अ‍ॅस्टन व्हिला संघाचे विल्यम मॅक्ग्रेगर यांच्या पुढाकाराने बारा संघांनी अशी पहिली फुटबॉल लीग उभी केली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न रोकडा होता: करंडकातून संघ लवकर बाद झाला की उरलेल्या हंगामात सामने मिळत नाहीत, ठरलेले सामने ऐनवेळी रद्द होतात, प्रेक्षक रिकाम्या हाताने परततात आणि खेळाडूंचे वेतन भागत नाही. नियमितपणा ही त्या व्यवस्थेची जननी होय. ज्या समाजात गिरणीचा भोंगा, रेल्वेचे वेळापत्रक आणि शनिवारची अर्धी सुटी आली होती त्या समाजातच ती जन्मास यावी, हे स्वाभाविक होते.

हिंदुस्थानात मात्र प्रथम करंडक आले आणि लीग मागून आली. सिमल्याचा ड्युरंड करंडक १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स १८९१ चा; आणि दोन्हींत प्रारंभी गोऱ्या पलटणींचेच राज्य. कलकत्त्याची लीग १८९८ साली सुरू झाली, मुंबईची १९०२ साली, आणि या दोन्ही ठिकाणी पहिले विजेतेपद ब्रिटिश पायदळाच्या तुकड्यांकडे गेले. कलकत्त्याच्या प्रथम श्रेणीत देशी संघांस प्रवेश मिळण्यास अनेक वर्षे जावी लागली आणि मिळाला तोही मोजक्या संख्येने. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली तरी त्या विजयी संघास लीगच्या वरच्या श्रेणीत लगेच स्थान नव्हते. कोणत्याही देशी संघास त्या लीगचे अजिंक्यपद मिळण्यास १९३४ साल उजाडावे लागले, आणि ते मिळविले मोहमेडन स्पोर्टिंगने. त्या वर्षापासून सलग पाच वर्षे ते त्याच संघाकडे राहिले. एका दुपारच्या पराक्रमाने शील्ड जिंकता येते. लीग जिंकण्यास संपूर्ण पावसाळाभर चिखलात उभे राहावे लागते, आणि म्हणूनच १९११ चे कौतुक करणाऱ्यांनी १९३४ विसरू नये असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

नागपुरात हा खेळ रुजला तो तीन दरवाजांनी आत आलेल्या जीवनामुळे: छावणी, कॉलेज आणि रेल्वे.

छावणीचा दरवाजा सर्वांत जुना. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, आणि तीनंतर चारच वर्षांत, १८२१ साली, नागपूरच्या ईशान्येस कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसविण्यात आली. पलटणीबरोबर बाजार आला, बाजाराबरोबर कारागीर आले. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून बाहेर पडलेली मोमीन विणकरांची कुटुंबे मालेगाव आणि भिवंडीप्रमाणे कामठीस आणि नागपुरासही येऊन वसली. विडीच्या कारखान्यांतून दलित कामगारांची मोठी वस्ती उभी राहिली, जिच्यातून बाबू हरदास यांच्यासारखा नेता निर्माण झाला. अशा गावात गोऱ्या सोजिरांचा खेळ पाहण्यासाठी मैदानाच्या कडेला उभा राहणारा जो प्रेक्षक होता तो कोणत्याही वाड्यातला किंवा बंगल्यातला नव्हता. तो मागावरून उठून आलेला होता. या खेळास महागडी साधने लागत नाहीत, एका चेंडूभोवती बावीस माणसांचे समाधान होते, आणि मागावर वाकून राबणाऱ्या मनुष्यास मोकळ्या मैदानात पळण्याचे जे सुख वाटते त्याची कल्पना खुर्चीवर बसून काम करणारास सहसा येत नाही. पुढे मोहमेडन स्पोर्टिंगच्या विजयांची वार्ता देशभरच्या मुस्लिम वस्त्यांत पोहोचली तेव्हा तिला कान देणाऱ्या गावांत कामठीसारख्या गावांचा समावेश व्हावा, हे ओघानेच आले. आजही नागपूर जिल्ह्याच्या फुटबॉलचा विचार कामठीवाचून करता येत नाही. तेथील रब्बानी क्लब हे नाव जिल्ह्याच्या लीगमध्ये ज्या आदराने आणि प्रतिस्पर्ध्यांकडून ज्या धास्तीने घेतले जाते त्यामागे या विणकर-गावाची कैक दशकांची तपश्चर्या उभी आहे. छावणी अद्याप आहे; गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र तेथे आहे; पण खेळाचे वतन केव्हाच पलटणीकडून मोहल्ल्याकडे आले.

कॉलेजच्या दरवाजाविषयी थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे, विद्यापीठ १९२३ चे. मिशनऱ्यांच्या शिक्षणपद्धतीत मैदानी खेळ हा चारित्र्यघडणीचा भाग मानला जाई, आणि सुशिक्षित नागपूरकराच्या हाती त्यातून प्रामुख्याने बॅट आली. याच शहरात १८९५ साली जन्मलेले सी. के. नायडू हे त्या परंपरेचे सर्वोच्च फळ होय. कॉलेजने फुटबॉल खेळविला, पण त्याला आपला मानला नाही. हिस्लॉप कॉलेजचे ऋण फुटबॉलवर चढले ते फार पुढे आणि फार वेगळ्या वाटेने. त्याकडे मी येणारच आहे.

रेल्वेचा दरवाजा मात्र सविस्तर उल्लेखास पात्र आहे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने या शहरास कलकत्त्याशी जोडले, आणि कलकत्ता म्हणजे हिंदुस्थानातील फुटबॉलची राजधानी. बंगाली कारकून, तेलुगू फिटर, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड यांच्या वसाहती लोहमार्गाच्या कडेने वसल्या, आणि जेथे रेल्वेची वसाहत तेथे तिचे मैदान हा नियमच होता. नागपुरातील मोतीबागेचे रेल्वेचे मैदान याच इतिहासाचा अवशेष आहे. जिल्हा लीगचे कितीतरी सामने त्याने पाहिले आहेत, आणि जवळच अरुंद मार्गावरच्या जुन्या गाड्यांचे संग्रहालय उभे आहे. एक गोष्ट मला विशेष हृद्य वाटते. या रेल्वेचा फुटबॉल संघ कलकत्त्याच्या लीगमध्ये ‘बी. एन. आर.’ या नावाने खेळत असे. १९५५ नंतर ती रेल्वे दक्षिण-पूर्व रेल्वे झाली तरी संघाने जुने नाव सोडले नाही, आणि १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातील अरुण घोष यांच्यासारखा बचावपटू पुढे त्याच नावाच्या संघातून खेळला. म्हणजे नागपूरचे नाव, आद्याक्षराच्या रूपाने का होईना, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या पंक्तीस कलकत्त्याच्या तक्त्यात दशकानुदशके छापले जात होते, आणि त्या संघाची कचेरी मात्र नागपुरात नव्हती. कंपनीच्या कागदपत्रांत गुंतलेले हे नाव एवढ्या दूर खेळत राहिले. २००३ साली दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेचा स्वतंत्र विभाग झाला, आणि तिचा संघ आज नागपूरच्याच लीगमध्ये उतरतो.

अशा रीतीने घडलेल्या या लीगचा कारभार नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेकडे आहे, आणि ती संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे १९११ साली मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेच्या, अखत्यारीत येते. श्रेणींची उतरंड आहे. वरच्या श्रेणीस अलीकडे ‘एलिट डिव्हिजन’ असे नाव मिळाले आहे. तिच्यात रब्बानी, राहुल क्लब, यंग मुस्लिम, शहर पोलीस, रेल्वे असे संघ खेळत आलेले आहेत. या नावांची यादी डोळ्यांखालून घातली म्हणजे शहराचा एक उभा छेद समोर येतो: एक विणकरांचे गाव, एक वस्ती, एक मोहल्ला, एक सरकारी खाते, एक लोहमार्ग. कोल्हापूरशी तुलना केली असता हे वैशिष्ट्य अधिकच उठून दिसते. कोल्हापुरात फुटबॉलला दरबाराचा आश्रय मिळाला आणि पेठांच्या तालमींनी तो आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तेथील नावे तालमीची आहेत, कुस्तीची माती अंगावर असलेली आहेत, आणि शाहू स्टेडियमवर त्यांची लढत म्हणजे पेठांच्या अभिमानाची लढत असते. नागपुरात असा राजाश्रय नव्हता. भोसल्यांचे राज्य खेळ येण्यापूर्वीच लयास गेले होते. येथे जे उभे राहिले ते नोकरी आणि मजुरी यांच्या आधारावर, आणि म्हणून त्याचा गाजावाजा कमी झाला; पण त्याची चिवटपणाची जात निराळी आहे आणि तिचे मोल मला अधिक वाटते.

त्या चिवटपणाची परीक्षा नागपूरची जमीन स्वतःच घेत असे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो तेव्हा मैदान विटेसारखे तापते. मृगाचा पाऊस पडला की तीच काळी माती पायास अशी चिकटते, की एकेक पाऊल उपटून काढावे लागते. अशा भूमीवर अनवाणी खेळणे हा एके काळी शौर्याचा भाग नसून साधा व्यवहार होता. चिखलात बुटापेक्षा उघडी बोटे अधिक भरवशाची, आणि बूट घेण्याची ऐपत कोणास होती? १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय संघ बहुतांशी अनवाणी खेळून फ्रान्सशी केवळ २-१ असा हरला, तेव्हा जगास त्याचे नवल वाटले. पण देशातल्या शेकडो मैदानांवर तीच रीत होती. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव झाल्यावर बूट अनिवार्य झाले, आणि त्या एका नियमाने अनेक गरीब क्लबांच्या खर्चाचे अंदाजपत्रक बदलले. लीगमध्ये नाव नोंदविणे म्हणजे आता प्रवेशशुल्क, अकरा जोड बूट, एका रंगाचे कपडे, आणि सामन्याच्या दिवशी कामावरून सुटी असे सर्व असल्याखेरीज शक्य राहिले नाही. ज्यांच्यापाशी यांतले काहीच नाही ते तक्त्याबाहेर राहिले.

त्या तक्त्याबाहेरच्या मुलांकडे प्रथम लक्ष गेले ते हिस्लॉप कॉलेजातील शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक विजय बारसे यांचे. २००१ साली पावसात वस्तीतली मुले फुटक्या बादलीस लाथा मारीत खेळत आहेत, हे दृश्य पाहून त्यांनी त्यांना चेंडू दिला आणि ‘झोपडपट्टी फुटबॉल’ नावाची स्पर्धा उभी केली. पुढे स्लम सॉकर या नावाने ती चळवळ देशात पसरली, बेघरांच्या विश्वचषकास जाणारा भारतीय संघ तिच्यातून निघू लागला, आणि २०१६ साली फिफाने तिला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा ‘झुंड’ हा चित्रपट याच कार्यावर आधारलेला आहे. चित्रपटामुळे ही कथा सर्वांच्या परिचयाची झाली, पण तिच्यातील एक अंग मला इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याची चर्चा कमी होते. बारसे यांनी या मुलांस प्रचलित क्लबांत सामावून घ्या असा अर्ज कोठे केला नाही. ज्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही त्यांच्यासाठी त्यांनी निराळे दप्तर उघडले, निराळे सामने लावले, निराळे विजेते ठरविले. १८८८ साली मॅक्ग्रेगर यांनी जे केले, त्याच जातीचे हे कार्य आहे. ज्या शहराच्या एम्प्रेस मिलचा भोंगा १ जानेवारी १८७७ पासून हजारो घरांचे घड्याळ होता आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर कायमचा बंद झाला, त्या शहरातच हे घडावे, यात मला केवळ योगायोग दिसत नाही. वेळापत्रक हरपलेल्या वस्त्यांस पुन्हा एक वेळापत्रक मिळाले.

आता त्या दोन नकाशांकडे वळतो. क्रिकेटमध्ये रणजी स्पर्धेच्या प्रारंभीच्या काळात मध्यप्रांत-वऱ्हाडचा संघ होता. प्रांत गेला, तरी १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ हा स्वतंत्र संघ म्हणून उतरू लागला, आणि साठ वर्षे बहुधा पराभवच सोसून त्याने २०१७-१८, २०१८-१९ आणि पुन्हा २०२४-२५ साली रणजी करंडक जिंकला. एका महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन क्रिकेट संघटना नांदतात, आणि त्याने राज्याच्या ऐक्यास कोणताही बाध आलेला नाही. आयोगाने शिफारस केलेले राज्य राजकारणात उभे राहिले नाही. खेळपट्टीवर मात्र ते नियमाने उभे राहते, नाणेफेक करते, जिंकते आणि हरते. फुटबॉलमध्ये तसे घडले नाही. १९३७ साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९४१ साली आंतरप्रांतीय संतोष करंडक सुरू झाला. त्यात विदर्भ या नावाचा संघ नाही. नागपूरच्या गुणी मुलाने आपल्या लीगमध्ये सर्व काही जिंकले तरी त्याची पुढची पायरी महाराष्ट्राच्या निवड चाचणीची, जिथे मुंबई, पुणे आणि कोल्हापूर यांची वर्दळ असते आणि जिथपर्यंतचा प्रवासच रात्रभराचा आहे. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल यांच्याकडे बारा वर्षांहून अधिक काळ, २०२२ पर्यंत, महासंघाचे अध्यक्षपद होते. तरीही विदर्भाची स्थिती या बाबतीत बदलली नाही. यावरून एवढेच निष्पन्न होते, की हा प्रश्न व्यक्तीचा नसून रचनेचा आहे.

रचनाच म्हणावी, तर ती भूमीवर काटेकोरपणे आधारलेली आहे असेही नाही. संतोष करंडकात सेनादलाचा संघ आहे, रेल्वेचा संघ आहे. यांना जिल्हा नाही, तालुका नाही, सरहद्द नाही. तरी सेनादलाने १९६०-६१ साली प्रथम करंडक जिंकला आणि पुढे अनेकवार जिंकला, रेल्वेने १९६१-६२, १९६४-६५ आणि १९६६-६७ साली. मोतीबागेच्या मैदानावर वाढलेला नोकरदार खेळाडू रेल्वेच्या नावाने राष्ट्रीय स्पर्धेत उतरू शकतो, कामठीच्या छावणीतला जवान सेनादलाच्या नावाने उतरू शकतो. या दोघांच्या मधल्या मोहल्ल्यात राहणाऱ्या विणकराच्या मुलास मात्र आपल्या प्रांताचे नाव अंगावर घालण्याची सोय नाही. भूमी नसलेल्या संस्थांना संघ मिळावा आणि भूमी असलेल्या, आठाचे अकरा जिल्हे झालेल्या मुलखास तो मिळू नये, ही विसंगती मला मनापासून सलते. महाराष्ट्राच्या संघावरील माझे प्रेम त्यामुळे उणे होत नाही. मुंबई-पुण्याच्या मैदानांनी या राज्यास मोठे खेळाडू दिले, हेही मी निःशंकपणे मान्य करतो.

महासंघाच्या सदस्यत्वाच्या नियमावलीत दुरुस्ती होईल तेव्हा होवो. तोपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यांच्या विजेत्यांनी पावसाळा सरल्यावर एकमेकांच्या गावी जाऊन, दंगलीसारखे एका दिवसाचे नव्हे तर लीगच्या रीतीने, महिनोन्महिने खेळावयास कोणाच्या सनदेची आवश्यकता नाही. गोंदिया, भंडारा रोड, कामठी, नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला ही सर्व स्थानके हावड्याहून मुंबईस जाणाऱ्या एकाच लोहमार्गावर आहेत. वर्ध्याहून अमरावतीस जाणारा खेळाडू सकाळी निघून सामना खेळून रात्री घरी येऊ शकतो, आणि चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणी व कागदगिरणीतल्या संघासही नागपूर फार दूर नाही. यजमान गावाने मैदान, पंच आणि पाहुण्यांचे एक जेवण एवढे द्यावे, आणि पाहुण्या संघाने आपले भाडे आपण सोसावे.